तारा अर्ध्यावर, डॉक्टर नवे

बारावी झालेली मुलगी साताऱ्याहून पुण्याला शिकायला जाते. दातांना तारा बसवून वर्षच झालेलं असतं. तिथे दुसरा ऑर्थोडॉन्टिस्ट बघा म्हटलं की घरचे सांगतात, "नको, नवे डॉक्टर सगळं काढून पहिल्यापासून सुरू करतात." हा समज इतका पसरला आहे की अनेक मुलं त्यापायी तपासणीच टाळत राहतात.

पहिल्यापासून काहीच सुरू होत नाही. दात ज्या बाजूला ढकलला जातो तिथलं हाड झिजतं, मागे नवं हाड भरतं आणि दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. हे काम हाडात झालेलं असतं. डॉक्टर बदलल्यामुळे ते पुसलं जात नाही.

मग समज आला कुठून? दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटची, म्हणजे तार बसते ती, खाच मुख्यतः दोन मापांत येते: 0.018 आणि 0.022 इंच. ब्रॅकेटमधले कोनही पद्धतीनुसार बदलतात. नव्या डॉक्टरांची पद्धत वेगळी असेल तर ते काही किंवा सगळे ब्रॅकेट बदलतात. त्याचा खर्च येतो, हे खरं. पण ब्रॅकेट बदलले म्हणून सरकलेले दात जुन्या जागी जात नाहीत!

वेळ वाया जातो तो कागदांविना गेल्यावर. सुरुवातीचे फोटो, दातांचे साचे, ओपीजी आणि सेफ हे एक्स-रे, ब्रॅकेटचा प्रकार, काढलेल्या दातांची नोंद आणि पैशांचा हिशेब मागून घ्या. "डॉक्टर कागद देत नाहीत" म्हणून गप्प बसू नका. रुग्णाने मागितल्यास केसपेपर द्यावेच लागतात, असं मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच स्पष्ट केलं आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेतही हा हक्क आहे; दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचाही आहे.

आणखी काही गैरसमज:

"चार महिने खाडा झाला तरी चालतं." चालत नाही. तार दात ओढतच राहते, सुटलेल्या ब्रॅकेटचा दात भलतीकडे जातो आणि अस्वच्छ ब्रॅकेटभोवती किडीचे पांढरे डाग पडतात.

"तार कुठलाही डेंटिस्ट घट्ट करेल." हे काम ऑर्थोडॉन्टिस्टचं; ते बीडीएसनंतर याच विषयात 3 वर्षांचं एमडीएस करतात.

"तारांऐवजी अलायनर असेल तर डॉक्टर लागत नाही." दात ठरल्याप्रमाणे सरकले नाहीत तर नवा स्कॅन आणि नवा सेट लागतो, ते डॉक्टरच ठरवतात.

शहर सोडण्याआधीच सध्याच्या डॉक्टरांना कल्पना द्या, नव्या शहरातल्या ऑर्थोडॉन्टिस्टचं नाव विचारा आणि कागद हातात आल्याशिवाय निघू नका.