मंत्र चालतो तो कोणावर?

गेल्या श्रावणात एक जुना विद्यार्थी आमच्या भेटीस आला. वडील खानदेशातून येऊन लिंबायतेत यंत्रमागावर राबले. मुलगा शाळेत हुशार. पुढे मात्र मद्याच्या आहारी गेला. (दारूबंदीच्या राज्यात हे कसे घडते, ते सुरतकर वाचकांस सांगावयास नकोच.) आता मुद्रा प्रसन्न, बोलणे संथ. एका मांत्रिकाच्या सांगण्यावरून त्याने चाळीस दिवस ‘नवनाथ भक्तिसारा’चा रोज एक अध्याय वाचला; पहाटे स्नान, एकभुक्त, तिन्हीसांजेला मोजून जप. “सर, तो पूर्वीचा मी आता राहिलोच नाही,” तो म्हणाला. अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्यात आमची हयात गेली. तरी ओठांवर आलेले उत्तर आम्ही गिळले, कारण शेजारी त्याची पत्नी डोळे पुशीत बसली होती.

या प्रश्नाचा निकाल लावू पाहणारे दोन शिक्षक याच शहरात होऊन गेले. एक दुर्गाराम मेहता, सुरतेच्या सरकारी गुजराती शाळेचे मेहताजी. दुसरे इंग्रजी शाळेवर असलेले आपले दादोबा पांडुरंग, ज्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. २२ जून १८४४ रोजी या मंडळींनी मानवधर्म सभा स्थापिली. मंत्रतंत्र करणाऱ्यांनी आपले सामर्थ्य सर्वांसमक्ष दाखवावे, असे जाहीर आव्हान दुर्गारामांनी दिले होते. मूठ मारणे, वशीकरण, भूत उतरविणे यांच्या धाकात जगणाऱ्या गावात हे धैर्य लहान नव्हे.

परंतु मंत्र दुसऱ्यावर चालतो काय, एवढेच त्या आव्हानातून कळणार होते. जपणाऱ्यावर तो चालतो काय, हा प्रश्न निराळा. आमच्या विद्यार्थ्यानेच त्याची उकल केली. दिवेलागणीला पाय सवयीने ठरल्या गल्लीकडे वळत, पण नेमकी तीच जपाची वेळ असल्याने घरी परतावे लागे. पुरश्चरणात आसन, वेळ, आहार, संख्या यांचे बंधन इतके कडक का, हे आम्हांस तेव्हा उमगले. उपदेश कानापर्यंत जातो. सवय पायांत असते.

दादोबांनाही हे जाणवले असावे, असा आमचा तर्क आहे. मुंबईस परतल्यावर १८४९ साली निघालेल्या परमहंस सभेचे ते प्रमुख प्रवर्तक. जातिभेद मानणार नाही, एवढे तोंडाने म्हणणे तेथे पुरत नसे. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. मांत्रिकांस आव्हान देणाऱ्यांच्या सोबत्यानेही अखेर विधीचाच आश्रय घ्यावा, याचे आम्हांस मोठे नवल वाटते! पिढ्यान्‌पिढ्यांची शिसारी घशातच बसलेली होती, तेव्हा उपायही घशातूनच झाला. हे सारे गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटली आणि सभा विखुरली. एका घासाने सोवळे सुटले, लोकलज्जेचे भय सुटले नाही.

त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. नातवाला ताप आला की घरात मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात आणि आमची एम.ए. पदवी मुकाट्याने दार लोटून घेते.

विद्यार्थ्याची खरी व्यथा निघताना बाहेर पडली. पाठ चुकला तर पूर्वीचा माणूस परत येईल, या भयाने त्याला झोप नव्हती. आणि ‘बंधन पक्के करण्यासाठी’ त्या मांत्रिकाने पुन्हा पैसे मागितले होते. येथे मात्र आम्ही गप्प राहिलो नाही. भोंदूगिरीविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली आणि गुजरातेत २०२४ साली कायदे झाले आहेत, हे त्याला सांगितले आणि पैसे देऊ नकोस, असे बजावले.

“मग पोथी सोडू का, सर?” त्याने विचारले. आम्हांस उत्तर सुचेना. “उद्यापासून तिन्हीसांजेला आमच्याकडे येत जा,” आम्ही म्हणालो, “नातवाचे गणित कच्चे आहे.”

तो येतो. बसल्यावर क्षणभर डोळे मिटतो, ओठ हलतात; मग वही उघडतो. काय पुटपुटतो, ते आम्ही विचारलेले नाही.