आधी ओळख, मग चव

माझ्या बाबांची बदली चेन्नईला झाली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे गेलो, तेव्हा क्वार्टरच्या कुंपणाशी दोन उंच निवडुंग शेजारी शेजारी उभे होते. माळीअण्णा दोघांनाही ‘कळ्ळी’ म्हणत. आपणही दोघांना निवडुंगच म्हणतो. एके दिवशी माझ्या धाकट्या बहिणीने त्यांतल्या एकाची फांदी मोडली. पांढरा चीक तिच्या हाताला लागला आणि तोच हात तिने डोळ्याला लावला. आईने लगेच भरपूर पाण्याने डोळा धुतला आणि तिला डॉक्टरांकडे नेले, म्हणून निभावले. तरी तीन दिवस डोळा सुजलेला होता. तेव्हा मी दोन्ही झाडे नीट पाहायला लागलो.

चीक आला ते झाड कॅक्टस नव्हतेच. तो युफोर्बिया, म्हणजे तीनधारी निवडुंग. त्याचे काटे जोडीजोडीने येतात आणि फुले पिवळट, अगदी चिमुकली असतात. त्याचा चीक विषारी असतो, म्हणून त्याचे काहीही तोंडात घालायचे नाही.

दुसरे झाड सेरियस. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. खोड खांबासारखे सरळ आणि निळसर हिरवे. धारांवर लवदार गाद्या असतात आणि प्रत्येक गादीतून काट्यांचा झुबका निघतो. खोड कापले तर पाण्यासारखा रस येतो, दुधासारखा चीक येत नाही. पांढरी, मोठी फुले रात्री उमलतात आणि सकाळी मिटतात. फळाला काटे नसतात. पिकले की ते लाल किंवा पिवळे होते आणि साल चिरते. आत पांढरा गर व काळ्या बिया असतात. चीक, काटे, फूल आणि फळ या चारही खुणा जुळल्याशिवाय फळ खाऊ नये.

ओळख चुकल्याचे एक मोठे उदाहरण चेन्नईतच घडले आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी डॉ. जेम्स अँडरसन यांनी सैदापेटला फड्या निवडुंगाची बाग केली होती. त्यावर कोचिनियल किडे वाढवून किरमिजी रंग काढायचा होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे लाल कोट याच रंगात रंगवत. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलहून असे किडे कलकत्त्याला आणले आणि तिथून ते मद्रासला आले. पण ती जात वेगळी निघाली. तिचा रंग कमी प्रतीचा होता आणि पुढे त्या किड्यांनी निवडुंगच फस्त केला.

सेरियस लावणे सोपे आहे. फूटभर तुकडा कापून सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवावा. काप पूर्ण सुकला की वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे खत यांच्या मिश्रणात लावावा. पाणी बेताने द्यावे, नाहीतर बूड कुजते. चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणून तिथे जानेवारीनंतर लावलेले बरे. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर लावावे.

आमच्या झाडाला फुले यायची, पण फळ धरत नव्हते. कारण बहुतेक सेरियसना दुसऱ्या झाडाचे परागकण लागतात. एकाच झाडाचे दहा तुकडे लावले तरी ते एकच झाड. शेजारच्या गल्लीत एका काकूंकडे वेगळा सेरियस होता. त्यांना विचारून रात्री नऊला आम्ही त्याच्या फुलातले पराग डबीत आणले आणि बहिणीने मऊ ब्रशने ते आमच्या चार फुलांना लावले.

सुट्टी संपून मी शाळेत परतलो. दीड महिन्याने रविवारच्या फोनवर बहीण म्हणाली, “दादा, दोन फळं धरली होती. काल एक चिरलं. चारही खुणा बघितल्या, मगच खाल्लं. फार गोड नाही, पण छान आहे.” दुसऱ्या फळाच्या बिया तिने माझ्यासाठी धुऊन ठेवल्या आहेत.