शेजारचे गिऱ्हाईक

स्वारगेटच्या आसपास, मुकुंदनगरपासून शुक्रवार पेठेपर्यंत, भाड्याच्या खोलीत संगणक मांडून स्वतंत्रपणे संकेतस्थळे घडवून देणारे तरुण आज थोडे नाहीत. त्यांतील पुष्कळांचे काम रात्री चालते; कारण ज्याच्यासाठी ते राबत असतात तो ग्राहक सातासमुद्रांपलीकडे असतो आणि त्याचा दिवस आपल्याकडे सांज झाल्यावर उगवतो. परदेशातील एखाद्या दंतवैद्याचे संकेतस्थळ सजवून पहाटे अंथरुणाला पाठ टेकणारा हा तरुण ज्या खाणावळीत जेवतो आणि ज्या दुकानातून कागद-शाई नेतो, त्यांची मात्र या नव्या बाजारात साधी पाटीही लागलेली नसते. व्यवहार चमत्कारिक खरा. पण निष्कारण नव्हे.

परदेशी ग्राहक डॉलरने पैसे देतो. पेठेतला व्यापारी प्रथम घासाघीस करतो आणि मग "पुढच्या आठवड्यात या" म्हणतो. शिवाय परदेशी काम मिळवून देणारे मोठे मध्यस्थ आंतरजालावर बसलेले आहेत. त्यांच्या दारात नाव नोंदवले की कोणाचा उंबरठा झिजवावा लागत नाही. परंतु मध्यस्थ आला की दलाली आली. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापली जाई, त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि २०१६ साली फळे-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यावी असा बदल राज्य सरकारने केला. या नव्या यार्डातला कारागीर मात्र आपल्या कमाईतून अडत निमूटपणे देतो. मध्यस्थाने उद्या त्याचे खाते बंद केले, तर वर्षांची ओळख आणि मिळवलेली शाबासकी एका दिवसात पुसली जाते. त्यात २०२२ च्या अखेरीपासून मजकूर आणि आराखडा क्षणात तयार करून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. ज्याने कारागिराचे तोंडही पाहिलेले नाही, तो दूरचा ग्राहक उद्या यंत्राकडे वळला तर त्याला दोष कसा द्यावा?

इकडे स्वारगेटचे स्थान पाहावे. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या दिशांची माणसे एसटीने येथे उतरतात. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही येथवर पोचली आहे. उतरणाऱ्यांत कोणी स्पर्धा परीक्षेसाठी आलेला, कॉटबेसिसची खोली आणि अभ्यासिका शोधणारा विद्यार्थी असतो. कोणाला नाना पेठेतून गाडीचा सुटा भाग न्यायचा असतो, कोणाला तपकीर गल्लीतून विजेचे सामान, कोणाला लक्ष्मी रस्त्यावरून लग्नाचा बस्ता. पूर्वी तो रिक्षावाल्याला विचारी. आता फलाटावर उभा राहूनच तो फोनमध्ये पाहतो, आणि तेथे जे दुकान दिसत नाही ते त्याच्यापुरते अस्तित्वातच नसते. व्यापारी म्हणतो, आमचे गिऱ्हाईक तीन पिढ्यांचे आहे. असेलही. पण त्यातली तिसरी पिढी वाकडला राहायला गेली आहे आणि तीही आधी फोनच पाहते.

हे गिऱ्हाईक मिळवावे कसे, याचे उत्तर जुन्या पाटी रंगवणाऱ्याकडे सापडते. फ्लेक्स येण्यापूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवणारा कलावंत दुकानासमोर शिडी लावून चार दिवस काम करी. येणारे-जाणारे ते पाहत. पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तो आपले नाव आणि गल्ली लिही. तेवढीच त्याची जाहिरात. त्याला दुकानाचा माल, मालकाचा स्वभाव आणि गल्लीतील स्पर्धा ठाऊक असे. संकेतस्थळ घडविणाऱ्याने हेच करावयाचे आहे. सगळ्या शहराला पत्रके धाडण्यापेक्षा एक धंदा निवडावा, मंगल कार्यालये म्हणा, आचारी म्हणा किंवा सुट्या भागांचे व्यापारी म्हणा, आणि त्यातील एकाचे काम इतके नेटके करावे की दुसऱ्याने आपण होऊन विचारावे. मंगल कार्यालयाला कोणत्या तिथी मोकळ्या आहेत हे दाखवायचे असते; सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला हजार नगांची यादी. दोघांना एकच साचा विकणारा कारागीर दुसऱ्यांदा बोलावला जात नाही. दुकानात जावे ते गर्दीच्या वेळी नव्हे, आणि दुपारी एक ते चार तर नव्हेच. ही शिस्त पुण्यात निराळी शिकवावी लागू नये.

मराठीचा मुद्दा येथे केवळ अभिमानाचा नाही. २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातील लहानमोठ्या सर्व दुकानांना देवनागरीतील मराठी पाटी बंधनकारक झाली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंमलासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. दारावरची पाटी मराठी झाली. त्याच दुकानाचे संकेतस्थळ असलेच तर बहुधा इंग्रजी. सांगोल्याहून आलेल्या माणसाला उमजेल असे शुद्ध, सुबोध मराठी लिहून देणे हे परदेशी स्पर्धकाला न जमणारे काम आहे. त्याची किंमत अद्याप आपल्याच कारागिरांनी केलेली नाही.

प्रामाणिकपणाची कसोटी मात्र आणखी पुढे आहे. प्रत्येक दुकानाला संकेतस्थळ लागत नाही. चहाच्या दुकानाला गूगलच्या नकाशावर अचूक पत्ता, वेळ, फोन आणि दोन चांगली छायाचित्रे पुरतात. ती नोंद फुकट होते. हे खुलेपणाने सांगणारा तरुण त्या दिवशी पैसे गमावतो. याउलट, काही जण दुकानाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, आपल्याच नावावर घेऊन ठेवतात. ते नाव मुदतीवर मिळते आणि वेळोवेळी पैसे भरून चालू ठेवावे लागते. कारागीर गाव सोडून गेला की दुकानदाराच्या हाती किल्ली नाही. एकदा असे फसलेला व्यापारी चार जणांना सांगतो आणि मग पुढच्या दहा होतकरूंना दारातूनच परत पाठवले जाते.

राहिला वसुलीचा प्रश्न. विसार घेतल्याशिवाय काम सुरू करू नये आणि काय देणार, किती दिवसांत देणार हे एका कागदावर लिहून सही घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रमांच्या कायद्याप्रमाणे, नोंदणी केलेल्या सूक्ष्म उपक्रमाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत, नपेक्षा बँकदराच्या तिप्पट व्याज लागते. 'उद्यम' नोंदणी २०२० पासून विनाशुल्क आहे. तथापि शेजाऱ्याविरुद्ध तक्रार गुदरणे म्हणजे ती गल्ली सोडणे, हे दोघेही जाणतात. कागदाचा उपयोग मुख्यतः बोलणे स्पष्ट राहावे एवढाच.

१९३४ साली स्थापन झालेले मराठा चेंबर असो की दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकणारे मार्केट यार्डचे पूना मर्चंट्स चेंबर असो, व्यापाऱ्यांच्या अशा संस्था या शहरात जुन्या आहेत. तेथे तासभर बसून व्यापारी कशाविषयी कुरकुरतात हे ऐकणारा तरुण विरळा. डोमेनची नोंद दुकानदाराच्या नावावर करून परवलीचा शब्द त्याच्या वहीत लिहून देणाऱ्याला नूतनीकरणाच्या निमित्ताने त्या दुकानाची पायरी पुन्हा चढावी लागते. आणि पेढीवर त्या वेळी शेजारचा दुकानदार चहा घेत बसलेला असतोच.