‘कुंकू’मधील काकासाहेब आणि फ्रॉइडचें मनोविश्लेषण

पडद्यावर हालणाऱ्या छायेला बालपण नसतें, तिला स्वप्नें पडत नाहींत. मनोविश्लेषकाच्या कोचावर तिला निजवितां येत नाहीं. तरीहि एखाद्या पात्राचें वर्तन असें असतें कीं, त्यामागील मनोव्यापार शोधण्याचा मोह आवरत नाहीं. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३७ सालच्या ‘कुंकू’ या बोलपटांतील काकासाहेब हें असेंच पात्र. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं हा बोलपट घडविला. काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांची.

काकासाहेब वकील आहेत, विधुर आहेत, सुधारणेचें वारें लागलेले गृहस्थ आहेत. आणि तरीहि मुलीच्या वयाच्या नीरेचें पाणिग्रहण करतात! ही विसंगति फ्रॉइडच्या भाषेंत उलगडते. मनाचे तीन अधिकारी त्यानें १९२३ सालीं वर्णिले. ‘इदम्’ला वासनेपलीकडे कांहीं ठाऊक नसतें, ‘पराहम्’ हा आईबापांच्या निषेधांतून घडलेला अंतस्थ न्यायाधीश, आणि ‘अहम्’ बिचारा दोघांच्या कचाट्यांत. घोडा नेईल तिकडे जाऊन ती आपलीच इच्छा मानणारा स्वार, अशी अहम्‌ला फ्रॉइडनें उपमा दिली आहे. वकिलाच्या अंगीं हें कसब अधिकच. वासनेनें आधीं निकाल द्यावा आणि बुद्धीनें मागाहून कारणें जुळवावीं, या युक्तिवादाचें विवेचन अर्नेस्ट जोन्स यानें १९०८ सालींच केलें होतें.

पिकलेल्या मिशांना कलप लावणारे काकासाहेब पाहून प्रेक्षक हंसतात. पण ते फसवितात कोणाला? घरांतील प्रत्येकास त्यांचें वय ठाऊक आहे. फसवावयाचें आहे तें स्वतःलाच. दुःसह सत्य दृष्टीआड करण्याच्या अशा उपायांची चिकित्सा ॲना फ्रॉइड हिनें १९३६ सालच्या ग्रंथांत केली आहे.

नीरा पत्नीधर्म साफ नाकारते आणि हा बनाव ढासळतो. अखेर काकासाहेब तिला कन्या मानूं लागतात. वरवर पाहतां हें हृदयपरिवर्तन. पण ज्या क्षणीं ती कन्या ठरली, त्याच क्षणीं त्यांचा विवाह त्यांच्याच पराहम्‌पुढें महापातक ठरला. दुसऱ्यावर उगारलेला क्रोध स्वतःवरच उलटतो, हें फ्रॉइडनें शोक आणि विषण्णता यांवरील १९१७ सालच्या निबंधांत दाखविलें आहे. काकासाहेब आत्महत्या करतात.

नीरेला मात्र हें शास्त्र लावण्याचा अट्टाहास करूं नये. तिचा नकार अबोध मनांतून आलेला नाहीं; झालेला अन्याय तिला स्पष्ट दिसतो आणि ती तो स्पष्ट बोलते. तिला या घरांत लोटणाऱ्या पालकांचा लोभहि काकासाहेबांच्या मनांत शोधून सांपडणार नाहीं.

आणि काकासाहेबांच्या मृत्यूचेंहि सारें रहस्य मनांत नाहीं. विधवेच्या पुनर्विवाहास कायद्यानें १८५६ सालींच मान्यता दिली होती; परंतु हिंदु स्त्रीला घटस्फोट देणारा कायदा मुंबई प्रांतांत १९४७ सालीं आणि देशभर १९५५ सालीं आला. १९३७ सालीं नीरेनें पुन्हा संसार मांडावा अशी इच्छा धरणाऱ्या पतीला त्या मार्गांतून स्वतःच दूर व्हावें लागत होतें, आणि वकील असलेल्या काकासाहेबांना हें कलम कोणीं समजावून सांगण्याची गरज नव्हती.