बाटलीतल्या दुधातले समुद्री शेवाळ



एरवी या पानावर मी लागणीचे, खोडव्याचे, फार तर हुमणीचे लिहितो. या खेपेला विषय वेगळा आहे, आणि त्याला कारण घडले आहे. गेल्या उन्हाळ्यात आपले एक जुने सभासद मुलाला घेऊन गट ऑफिसात आले. मुलाने घरच्या गाईंचे दूध घेऊन चॉकलेट दूध, मसाला दूध बाटलीत भरून तालुक्याला विकायचा धंदा सुरू केला आहे. हातात पंचवीस किलोच्या गोणीवरचे लेबल कापून आणलेले. "साहेब, पावडर स्वस्तात मिळाली. घातली की बाटलीत गाळ बसत नाही. एवढेच सांगा, खायला चालते ना?"

लेबलावर 'कॅराजीनन' हा शब्द आणि एका परदेशी कारखान्याचा छाप. बस्स. मी शेतीचा डिप्लोमावाला, दुधातले मला काय कळणार? पण पोराचा धंदा नवा, वडिलांनी त्यात पैसा घातलेला. नाही म्हणवेना. मग चार ठिकाणी विचारून, वाचून जे कळले ते सर्वांसाठी लिहितो, कारण आपल्याकडे दुधाचे, आइस्क्रीमचे असे धंदे करणारी पोरे आता बरीच आहेत.

कॅराजीनन म्हणजे लाल जातीच्या समुद्री शेवाळातून काढलेला चिकट पदार्थ. चायना ग्रास आपल्या आयाबायांना ठाऊक आहे, त्याचाच हा चुलतभाऊ. इंडोनेशिया आणि फिलिपीन्समध्ये किनाऱ्यावरचे लोक या शेवाळाची शेती करतात. दोरीला बेणे बांधायचे, दोरी समुद्रात ताणायची, दीड महिन्याने कापणी. आपल्याकडे तामिळनाडूत मंडपमच्या बाजूला बांबूच्या तराफ्यांवर ही लागवड होते, पण ती थोडी. म्हणून पावडर बरीचशी बाहेरून येते. दहा किलो ओले शेवाळ वाळवले की किलोभर उरते; त्यातही वाळू, मीठ, ओल किती यावर भाव ठरतो. वजनकाट्यावरची कुरकूर तिथेही असणारच!

वाळलेले शेवाळ अल्कलीत उकळून, अर्क गाळून, वाळवून जी शुद्ध पावडर होते तिचा आंतरराष्ट्रीय क्रमांक ४०७. दुसरी पद्धत स्वस्त: अर्क न काढता शेवाळच गरम अल्कलीत शिजवायचे, धुवायचे, वाळवून दळायचे. त्यात चोथा राहतो. त्याचा क्रमांक ४०७-अ. साखर आणि गूळ यांच्यात जेवढा फरक, साधारण तेवढा. दोन्ही खाण्याचेच. पण खरी मेख पुढे आहे. असाच कमी शुद्ध केलेला माल कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाद्यासाठी निघतो, खोलीत ठेवायच्या सुवासिक जेलीसाठीही निघतो. दिसायला सगळी पावडर फिकट पिवळी. माणसाच्या खाण्याच्या मालात जंतू किती, शिसे, आर्सेनिक, कॅडमियम किती याला मर्यादा आहेत, कारण शेवाळ समुद्रातले धातू शोषून घेते. दुसऱ्या मालाला त्या मर्यादा पाळण्याची सक्ती नाही. स्वस्त गोणीची भीती ती ही.

आता बंदरावर काय होते ते पाहा. अन्न म्हणून ही पावडर आणणाऱ्याकडे आयात-निर्यात कोड आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना लागतो. आयातीचे सविस्तर नियम २०१७ साली झाले. माल उतरल्यावर प्राधिकरणाचा अधिकारी कागद तपासतो, गोणी आणि लेबल पाहतो, नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. प्रत्येक खेपेचा नमुना घेतात असे नाही, जोखीम पाहून निवड होते. सर्व ठीक असेल तर ना-हरकत दाखला, नाहीतर माल अडकतो. आयातदाराचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह हे राहिले असेल तर सीमाशुल्काच्या गोदामातच चिकटपट्टी लावून पुरे करता येते. लॉट क्रमांक आणि मुदतीची तारीख मात्र मूळ कारखान्यातूनच यावी लागते.

आमच्या लेबलावर यातले काहीच नव्हते. म्हणजे एक तर हा माल अन्न म्हणून आलाच नाही, नाहीतर कोणीतरी मूळ गोणी फोडून दुसरीत भरला.

मुलगा म्हणाला, "पण साहेब, किलोमागे बराच पैसा वाचतो." तेव्हा कागद घेऊन बसलो. ही पावडर दुधातल्या प्रथिनाला धरते, म्हणून चॉकलेट दुधात फार थोडी पुरते. शंभर लिटरला वीस-तीस ग्रॅम. पंचवीस किलोची गोणी म्हणजे लाखभर लिटर दूध! किलोमागे चारशे रुपये वाचले असे धरा, तरी लिटरमागे दहा पैसे. दहा पैशांसाठी परवाना टांगणीला लावायचा का? हिशेब पाहून बापलेक दोघेही गप्प झाले.

खाण्याच्या दर्जाची पावडर घातक आहे काय, असेही वडिलांनी विचारले. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ साली तात्पुरती मर्यादा दिली ती वजनाच्या दर किलोला दिवसाकाठी ७५ मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला पावणेचार ग्रॅम. दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत जाते ग्रॅमचा विसावा भाग. तान्ह्या मुलांच्या दूधपावडरीत मात्र युरोप ती घालू देत नाही. आणि २००४ मध्ये तिथे एका घासात ओढून खायच्या छोट्या जेली-कपांत शेवाळाचे सगळेच घट्टकारक बंद केले. ते विष म्हणून नव्हे; जेली घट्ट, मुलांच्या घशात अडकते म्हणून.

आपल्याकडे बाटलीवर 'स्टॅबिलायझर ४०७' असे छापावे लागते. आणि साध्या दुधात घालून ते दाट दाखवले तर ती सरळ भेसळ.

जाता जाता उसाचे. याच जातीच्या शेवाळाचा अर्क फवारणीसाठी बाटलीत मिळतो. तो जैव-उत्तेजक म्हणून २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आला आहे. त्याचा कायदा वेगळा, परवाना वेगळा. तिथेही पक्की पावती आणि लेबल पाहूनच घ्या. शंका वाटली तर लेबल घेऊन गट ऑफिसात या.

मुलाने आता परवाना क्रमांक असलेली एक किलोची पुडी आणली आहे, तीवर 'खाद्य वापरासाठी' असे छापलेले आहे. ती गोणी अजून त्यांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत पडून आहे. व्यापारी परत घ्यायला तयार नाही. म्हणतो, बिल दाखवा. बिल घेतलेलेच नाही.

— ऊस विकास अधिकारी