जुनी चिमणी, नवं जळण
लेखमाला : कारखान्यातली आग – भाग 6

फर्नेस ऑइल सोडून ब्रिकेट किंवा लाकूडफाटा जाळण्याचा खर्च मागच्या भागात पाहिला. त्या हिशेबातून एक वस्तू हमखास सुटते : चिमणी. नवा बॉयलर येतो, जळणाचं कोठार उभं राहतं, आणि धूर सोडायला जुनी चिमणी ‘आहेच की’ म्हणून जोडली जाते.

चिंचवडची थरमॅक्स आणि कासारवाडीची फोर्ब्स मार्शल यांच्यामुळे बॉयलरची विद्या या पट्ट्याला घरचीच आहे. भोसरी किंवा चाकणच्या लहान कारखानदाराला या जुन्या चिमणीच्या तपासणीसाठी जाणकार शोधायला लांब जावं लागत नाही.

तपासायचं काय? सगळ्यात आधी पत्रा. फर्नेस ऑइलमध्ये गंधक साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत असू शकतं. बॉयलर वारंवार बंद-चालू झाला की चिमणीचा आतला पत्रा थंड पडतो, गंधकाचे वायू ओलाव्याशी मिळून त्यावर आम्ल धरतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावून तळापासून टोकापर्यंत चारही बाजूंनी मापं घ्यावी लागतात आणि ती मूळ नकाशातल्या जाडीशी ताडून पाहावी लागतात. पोलादी चिमणीच्या आराखड्यासाठी आयएस 6533 हे भारतीय मानक आहे. पुण्याच्या परिसरासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर धरतात. झिजलेला पत्रा, गंजलेले पायाचे बोल्ट, सैल पडलेल्या ताणतारा या वेगापुढे टिकतील का, हे संरचना अभियंत्यानेच सांगायचं.

दुसरी बाब ओढीची. तीस मीटर उंचीच्या चिमणीत 200 अंश सेल्सिअसचा धूर आणि बाहेर 30 अंशांची हवा असेल, तर नैसर्गिक ओढ जेमतेम 12 मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकी मिळते. घन जळणाला तेलापेक्षा जास्तीची हवा अधिक लागते, त्यामुळे तेवढ्याच वाफेसाठी धूरही जास्त निघतो. त्यातच सायक्लोन किंवा बॅग फिल्टरचा अडथळा येतो. जुनी चिमणी अरुंद पडली किंवा धूर ओढणारा पंखा (आयडी फॅन) कमी ताकदीचा निघाला, तर भट्टीच्या दारातून धूर उलटतो. त्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बंदिस्त बॉयलरघरात तो माणसाचा जीव घेऊ शकतो.

तिसरा धोका आतल्या थराचा. तेलात राख नाममात्र असते. भाताच्या तुसाच्या ब्रिकेटमध्ये ती वीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. ती साचायला जागा आणि काढायला दार आहे का? ओलं जळण मंद आचेवर धुमसत ठेवलं, की धुरातला डांबरी अंश थंड पत्र्यावर चिकटतो. पुढे एखादी ठिणगी त्याला पेटवते आणि चिमणीच आतून जळू लागते. छपरातून जाणाऱ्या धूरनळीजवळ लाकडी वासा किंवा केबल असेल, तर आग तिथून शेडमध्ये उतरते. टोकातून उडालेल्या ठिणग्या ब्रिकेटच्या ढिगावर पडू शकतात, हेही बघायला हवं.

उंचीचा नियम वेगळाच. ताशी दोन टनांपेक्षा कमी वाफ देणाऱ्या कोळशाच्या बॉयलरसाठी किमान 9 मीटर किंवा शेजारच्या इमारतीच्या अडीचपट, यांतली जास्त असेल ती उंची, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. म्हणजे चिमणी उभारल्यावर शेजारी 8 मीटरची शेड आली असेल, तर हिशेब 20 मीटरवर जातो. जळणाचा प्रकार राज्य मंडळाच्या संमतिपत्रात नोंदलेला असतो. तो बदलायचा तर संमतीही बदलून घ्यावी लागते. धुराचे नमुने घेण्यासाठी छिद्र, शिडी आणि मचाण तेव्हा लागतातच.

बॉयलर निरीक्षकाचा दाखला दाबाखालच्या भागांपुरता असतो. तो चिमणीची हमी नव्हे. म्हणून कारखानदारांनी नव्या बॉयलरची ऑर्डर देण्याआधी जाडीची मापं, ओढीचा हिशेब आणि पायाचा अहवाल हे तीन कागद हातात घ्यावेत. अहवाल प्रतिकूल आला, तर नव्या चिमणीचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा.

(पुढील भागात : ब्रिकेटचा ओलावा कसा मोजावा)