टिपणलेखन

टिपणलेखन : (वर्गाध्ययनातील). व्याख्यान, चर्चा किंवा प्रात्यक्षिक चालू असताना त्यातील महत्त्वाच्या आशयाची विद्यार्थ्याने स्वतःसाठी संक्षेपाने केलेली नोंद म्हणजे टिपण होय. शिक्षकाचे शब्द जसेच्या तसे लिहून घेणे हे श्रुतलेखन व फळ्यावरील मजकूर उतरविणे ही नक्कल ठरते. टिपणात निवड, संक्षेप आणि मांडणी या तिन्ही क्रिया अभिप्रेत असतात. त्या आपोआप साधत नाहीत. लेखन-वाचनाप्रमाणे त्याही शिकवाव्या लागतात.

टिपणांमुळे एरवी लुप्त झाले असते असे ज्ञानही टिकून राहते. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर याने १९०७ ते १९११ या काळात जिनीव्हा येथे दिलेली व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, ती मुख्यत्वे विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस याने निरर्थक शब्दावयव पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १८८५ मध्ये मांडले. पुन्हा पाठ करताना वाचणारे श्रम एका तासानंतर सु. ४४ टक्के, तर एका दिवसानंतर सु. ३४ टक्केच उरतात, असे त्याला आढळले. अर्थपूर्ण आशय तुलनेने सावकाश विसरला जातो. तथापि विस्मरण प्रारंभीच अधिक वेगाने होते, हे तत्त्व तेथेही लागू पडते. म्हणून टिपणांची पहिली उजळणी त्याच दिवशी होणे इष्ट असते.

फ्रान्सिस दी व्हेस्टा व सूझन ग्रे यांनी १९७२ मध्ये टिपणांची दोन कार्ये वेगळी करून दाखविली : लिहिताना आशयावर होणारा मानसिक संस्कार आणि पुढील अभ्यासासाठी होणारा संग्रह. पहिल्या कार्यास बाधा येते ती वेगामुळे. व्याख्याता मिनिटाला शंभराहून अधिक शब्द बोलतो. हाताने लिहिण्याचा वेग त्याच्या चतुर्थांशाच्या आसपास असतो. सर्व काही लिहू पाहणारा विद्यार्थी ऐकण्याचे थांबतो, तर केवळ ऐकणाऱ्याजवळ उजळणीसाठी काहीच उरत नाही.

पद्धती : मुख्य मुद्दे व उपमुद्दे क्रमाने लिहिण्याची रूपरेषा-पद्धती सर्वांत रूढ आहे. तुलनात्मक विषयांस कोष्टक, तर परस्परसंबंध दाखविण्यास आकृती सोयीची पडते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी प्रसृत केलेल्या पद्धतीत पानाचे तीन भाग पाडतात. उजवीकडील रुंद भागात तासाच्या वेळी टिपणे घेतात. तासानंतर डावीकडील अरुंद पट्टीत प्रश्न किंवा सूचक शब्द लिहितात व तळाशी सारांश देतात. पुढे उजवा भाग झाकून प्रश्नांची उत्तरे आठवावयाची असल्याने टिपणवही आत्मपरीक्षणाचे साधन बनते.

अध्यापन : प्रथम शिक्षकाने एखादा उतारा सावकाश वाचून त्याचे टिपण फळ्यावर स्वतः करून दाखवावे, अमुक घेतले व तमुक वगळले ते का, हेही सांगावे. नंतर मुद्द्यांची शीर्षके असलेला, मध्ये जागा सोडलेला आराखडा द्यावा आणि सराव वाढेल तसा तो कमी करीत न्यावा. ‘याची तीन कारणे आहेत’ यांसारखे सूचक शब्द, संक्षेपचिन्हे व बाण यांचा परिचय करून द्यावा. कॅथी रूल व तिच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये केलेल्या अभ्यासात व्याख्यानाच्या ओघात तीनदा दोन-दोन मिनिटे थांबून विद्यार्थ्यांना जोडीने टिपणे ताडून पाहू दिली. त्यामुळे आकलन व स्मरण सुधारल्याचे दिसून आले.

संगणकापेक्षा हाताने घेतलेली टिपणे आकलनास अधिक उपकारक ठरतात, असा निष्कर्ष पाम म्यूलर व डॅनियल ओपनहायमर यांनी २०१४ मध्ये मांडला. २०१९ व २०२१ मधील पुनर्प्रयोगांत मात्र हा फरक स्पष्टपणे आढळला नाही. साधनापेक्षा लिहिताना होणारा विचार महत्त्वाचा, असे यावरून म्हणता येईल.

परीक्षेच्या दृष्टीने तयार उत्तरे सांगून लिहून घेण्याची प्रथा अनेक वर्गांत रूढ आहे. तीमुळे वही भरते व मजकूर बिनचूक राहतो. परंतु निवडीचे काम शिक्षकच करीत असल्याने विद्यार्थी त्या कौशल्यास मुकतो. अध्यापनाची भाषा घरच्या भाषेहून भिन्न असणाऱ्या विद्यार्थ्यास ही उणीव महाविद्यालयात विशेष जाणवते. त्याला प्रारंभी स्वभाषेत टिपणे घेण्याची मुभा देणे हितावह ठरते. कारण टिपण हे इतरांना दाखविण्यासाठी नसून स्वतःला समजण्यासाठी असते.